सडा म्हणजे खराब

आमच्या घरात मराठीचा अभिमान मोठा होता आणि मराठी बेताची. दादा, म्हणजे माझे वडील, नगरपालिकेच्या पाणी खात्यात कारकून होते. पण त्यांचे पणजोबा कधीकाळी दरबारच्या घोडदळात होते आणि त्या घोड्यावरून दादा शेवटपर्यंत उतरले नाहीत. "आपली मराठी तलवारीबरोबर आलीय इंदूरला," असं ते पाहुण्यांना ऐकवत आणि त्याच दमात आत हाक मारत, "अगं, जरा नमकीन आण नी, हे कब से बसून राहिलेत." आईचं त्याहून वेगळं होतं. ती देवाशी मराठीत, भाजीवाल्याशी माळवीत आणि रागावली की आमच्याशी हिंदीत बोलायची. तुकोगंजात एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. सकाळी नऊपासून खालचा कंपाउंडर पेशंटांची नावं दुखण्यासकट पुकारायचा, त्यामुळे कोणाला कावीळ झाली आणि कोणाला न सांगण्यासारख्या जागी खाज सुटली, हे आम्हाला घरबसल्या कळायचं. थंडीत आई गराडू, म्हणजे तिकडचा कंद, तळायची, त्यावर जिरावन मसाला भुरभुरून लिंबू पिळायची, आणि स्पिरिटच्या वासात तो तळणीचा वास मिसळून जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत पोचायचा. पावसाळ्यात भुट्टे आले की किसायचं काम माझ्याकडे. किसून किसून बोटांची सालटी निघत आणि आई म्हणायची, "हात चला, बातें कम." हे सगळं लिहिताना माझ्या लक्षात येतंय की मी मुद्दाम रेंगाळते आहे. गराडूबद्दल लिहिणं सोपं आहे.

बी.कॉम. झाल्यावर मला घरापासून पाच मिनिटांवरच्या एका सल्लागार कंपनीत नोकरी लागली, तीही टेम्पररी. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले सक्सेना साहेब ती चालवत. कुठल्याही जिल्ह्याची औद्योगिक आणि आर्थिक माहिती गोळा करायची, तिचं पुस्तक बांधायचं आणि ज्याने मागितलं त्याला द्यायचं, असा तो धंदा. तोवर त्यांनी सगळे जिल्हे आसपासचे, सोयाबीन-कापसाचेच केले होते. त्या वर्षी मात्र कोकणातल्या एका किनारपट्टीच्या जिल्ह्याचं सरकारी काम आलं. भात, आंबा, काजू, मासळी. बर्फाचे कारखाने किती, होड्या किती, कुठे कोणता उद्योग चालेल, कुठे जमीन मोकळी आहे. गावोगावचे फॉर्म मराठीतून भरून येणार होते, म्हणून साहेबांना मराठी येणारी मुलगी हवी होती. "मराठी आती है ना अच्छे से?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सर, मराठी तो घर की है." समुद्र मी पाहिलेला नव्हता. कोकण म्हणजे माझ्या डोक्यात दोन नारळ आणि मध्ये सूर्य, शाळेच्या चित्रकलेच्या वहीतला.

त्याच कामासाठी साहेबांनी आणखी एका माणसाला घेतलं. सुधीर आंबेरकर. त्याच जिल्ह्यातला, समुद्रापासून कोसभरावरच्या गावचा. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तो हक्क मी गमावला आहे. इंजिनिअर झालेला, सडसडीत, सावळा, इंदूरच्या थंडीत स्वेटरवर स्वेटर घालणारा. उद्योग, मासळी, बंदरं त्याच्याकडे आणि शेती नि जमीन माझ्याकडे, अशी वाटणी झाली. सगळं तपासून सही करायचं कामही त्याच्याकडेच होतं. पहिल्याच आठवड्यात मी डब्याच्या वेळी सांगत होते, "मी कब से फोन लावून राहिले, पण तो उचलूनच नाही राहिला." आंबेरकरला इतकं हसू आलं की त्याचा चहा बशीत सांडला. म्हणाला, "जगदाळेबाई, ही मराठी आहे की हिंदीला नऊवारी नेसवलीय?" सगळं ऑफिस हसलं. नऊवारी म्हणजे काय हे ठाऊक नसलेला शिपाईही हसला. मीही हसले आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. दादांनी समजूत घातली, "छोड़ो नी बेटा. ते समुद्राकडचे लोक, नाकात बोलतात." पण मी मनाशी गाठ बांधली ती बांधलीच. या माणसाला एकाही शब्दाचा अर्थ विचारायचा नाही.

फॉर्म यायला लागले. बहुतेक गावांत ते प्राथमिक शाळेच्या मास्तरांनी भरलेले. जांभळ्या शाईतली, निळ्या शाईतली, पेन्सिलीतली अक्षरं. एखाद्या फॉर्मवर चहाचा डाग, एकावर चक्क माशाचा खवला चिकटलेला. मला ते काम मनापासून आवडायचं, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते मी आळसाने केलं नाही. जमिनीचे रकाने होते: भातशेती, बागायत, वरकस, खाजण, सडा. भातशेती आणि बागायत कळत होतं. वरकस आणि खाजण दादांच्या जाड शब्दकोशात सापडले. वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, खाजण म्हणजे खाडीकाठची खारी. सडा उघडला तर पहिलाच अर्थ होता अंगणात शिंपडायचं पाणी. पुढे वाचायची गरज मला वाटली नाही. जमीन काही कोणी शिंपडत नाही, म्हणजे हा तो सडा नव्हे. मग राहिला कोणता? जो आमच्या घरात रोज ऐकू यायचा तो. आलू सडा निघाला, टमाटर सडे दिले त्या भाजीवाल्याने. सडा म्हणजे सडलेला, खराब. खात्री करायला म्हणून मी एक फॉर्म पुन्हा पाहिला. त्यातलं अक्षर सगळ्यांत सुरेख होतं, एकेक काना रुळावर उभा केल्यासारखा. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सडा गावकीचा, गवताळ.' गवत माजलंय, म्हणजे खराबच की. इंग्रजी तक्त्यात मी सगळ्या गावांचा सडा 'निकृष्ट व निरुपयोगी जमीन' या सदराखाली घातला. ते सुरेख अक्षरवालं गाव त्या सदरात सगळ्यांत वर आलं, कारण सडा सगळ्यांत मोठा त्यांचा होता.

आंबेरकर माझ्यापासून चार हातांवर बसायचा. मान वळवून एवढंच म्हणायचं होतं, सडा म्हणजे काय हो?

सक्सेना साहेबांनी तक्ता पाहिला आणि ते खूश झाले. "इतनी सारी खराब जमीन एक साथ, और समंदर के पास. इंडस्ट्रीवाले यही तो पूछते हैं." मोकळ्या जमिनीच्या प्रकरणात त्यांनी तो तक्ता पहिल्याच पानावर घेतला. खाली 'तपासणार' म्हणून आंबेरकरची सही लागणार होती. तक्ता तयार करणारा माणूस टेम्पररी असेल तर त्याचं नाव छापत नसत. मी तक्ता घेऊन त्याच्या टेबलाशी गेले, तर त्याने पेन काढलं आणि पानं न वाचताच सही केली. म्हणाला, "तुमच्या कामात मी काय बघणार? तुम्ही किती बारकाईनं करता ते रोज बघतोय. आणि त्या दिवशी मी जे बोललो ना, ते मनावर घेऊ नका." माझी माफी मागायची त्याची ती रीत होती. मला त्या वेळी फक्त जिंकल्यासारखं वाटलं.

त्यानंतर मात्र आमचं बरं जुळलं. एकट्या राहणाऱ्या मुलाची दया येऊन आईने त्याला रविवारी जेवायला बोलवायला सुरुवात केली आणि त्याच हिवाळ्यात त्याचे वडील मुलाकडे आले तेव्हा त्यांनाही बोलावलं. आंबेरकर गुरुजी गावच्या शाळेत शिकवत. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, पिशवीत आमच्यासाठी आमसुलं, कुळथाचं पीठ आणि फणसपोळी. आईने तुपात बुडवून खायचे दाल-बाफले केले होते. गुरुजी तुपाच्या वाटीकडे बघतच राहिले. "वहिनी, एवढं तूप आमच्या आख्ख्या वाडीला दिवाळीत पुरेल."

"क्यों, तिकडे गाई-म्हशी नसतात का हो?" आईने विचारलं.

"आहेत तर. पण आमची गुरं लहान चणीची. पाऊस सरला की सगळी सड्यावर."

"सड्यावर?" आईने वाढता हात थांबवला. "अंगणात घालतो तो सडा?"

सगळे हसले. दादा तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. गुरुजींनी बोटांनी हवेत एक सपाट रेघ ओढून दाखवली. "सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. खाली खाडी, मध्ये आम्ही, वर सडा."

मला माझा तक्ता आठवला. तरी मी विचारलं, अगदी सहज आवाजात, "पण तिथली जमीन खराबच असते नी, काका?"

"खराब? असं कोण म्हणालं तुला, बाय?" गुरुजींनी हातातला घास ताटात ठेवला. रागावले नव्हते, वर्गात चुकीचं उत्तर आल्यावर मास्तर थांबतात तसे थांबले होते. "वरून नुसता दगड दिसतो खरा. पण पाऊस तिथे मुरतो म्हणून आमच्या विहिरी मे महिन्यापर्यंत टिकतात. गुरांचं गवत तिथलं. घरं शाकारायचं गवत तिथलं. याच्या आजोबांनी पहारीने कातळ फोडला, डोक्यावरून माती वाहून नेली नि आंब्याची कलमं लावली. हा इंजिनिअर झाला तो त्या कलमांवर."

"बाबा, आधी जेवा," आंबेरकर म्हणाला. बापाने केलेलं कौतुक त्याला लाजवत होतं.

"जेवतो रे. मध्ये तो सरकारी फॉर्म आला होता ना, त्यात मी सगळं नीट लिहिलंय. सडा गावकीचा, गवताळ. ज्याला गवताची किंमत ठाऊक, त्याला एवढं पुरे."

ते अक्षर कोणाचं होतं ते मला तेव्हा कळलं. आई मला विचारत होती, "वनू, तू का नाही खाऊन राहिलीस?" आणि मी बाफला कुस्करत बसले होते. त्या क्षणी बोलले असते तर चारचौघांत हसं झालं असतं, तेवढंच. नऊवारी नेसवलेल्या हिंदीवर आंबेरकर आणखी एकदा हसला असता आणि सोमवारी आम्ही दोघांनी मिळून तक्ता दुरुस्त केला असता. मी उठून सगळ्यांना पाणी वाढलं.

वेळ गेली नव्हती, हे मी कितीदा स्वतःला सांगितलं आहे. पुस्तकं बांधून तयार होती, पण साहेब ती घेऊन बुधवारी निघणार होते. एका शुद्धिपत्राची चिठ्ठी डकवली असती तरी भागलं असतं. सोमवारी सकाळी मी ठरवूनच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी एक लिफाफा पुढे केला. "वनिताजी, आपका कन्फर्मेशन. लैंड का चैप्टर आपने बहुत साफ किया है, क्लाइंट को कच्ची कॉपी दिखाई, तो तारीफ मिली." आमच्या घराण्यात घोडदळानंतर पक्की नोकरी फक्त दादांची होती आणि ते पुढच्याच वर्षी निवृत्त व्हायचे होते. मी लिफाफा हातात धरून म्हटलं, "सर, एक वो..."

"हां, बोलिए."

"कुछ नहीं, सर. थैंक यू."

संध्याकाळी दादांनी दवाखान्यातल्या पेशंटांनासुद्धा जिलबी वाटली. मीही खाल्ली. ती गोड लागली, हेही खोटं लिहिणार नाही.

वर्ष-दीड वर्ष काहीच झालं नाही आणि मला वाटायला लागलं की असली पुस्तकं कोणी वाचत नसतं. मग एक दिवस आंबेरकर गावाहून आलेलं पत्र घेऊन खुर्चीत नुसता बसून राहिला. त्याच्या गावचा सडा एका मोठ्या कारखान्यासाठी घ्यायचा ठरला होता. नोटिशीत जमिनीचा वर्ग 'निकृष्ट व निरुपयोगी' असा होता आणि आधार म्हणून आमचं पुस्तक दाखवलं होतं. गावातल्या कोणीतरी तालुक्याला जाऊन ते पुस्तक पाहिलं, त्या पानाखालचं नाव वाचलं आणि येऊन सांगितलं: आपल्या मास्तरांच्या मुलाने लिहून दिलंय. लोकांनी खूप अर्ज केले. काही उपयोग झाला नाही. खराब जमिनीला म्हणून जे मिळतं तेवढंच हातात पडलं, सड्याभोवती तारेचं कुंपण आलं, गुरं खाली गावात अडकली, कलमं कुंपणाच्या आत गेली. कारखाना काही उभा राहिला नाही. तार मात्र आहे.

यातलं बरंचसं मला आंबेरकरच सांगायचा, त्याच चार हातांवरून. गुरुजींना लोक कुठलाही सरकारी कागद वाचून घ्यायला बोलवत, ते बंद झालं. गणपतीत वाडीची मंडळी आरती करत घरोघर जातात, ती त्यांच्या घराशी जरा थांबून, आत न येता, पुढे निघून गेली. नंतरच्या वर्षी थांबलीसुद्धा नाही. हे सांगताना त्याचा आवाज कोरडा असे. मी ऐकायचे, त्याच्यासाठी चहा मागवायचे. माझ्याइतकं आपुलकीने त्याचं दुसरं कोणी ऐकत नव्हतं, असं तो एकदा म्हणाला. ते ऐकून जमीन दुभंगावी असं वाटलं. तरीही मी बोलले नाही. सुरुवातीला नोकरी जाईल म्हणून, मग दादा आजारी पडले म्हणून, आणि पुढे पुढे तर एवढ्या उशिरा काय सांगायचं म्हणून. माझ्याजवळ कारणांचा तोटा कधीच नव्हता. एक कारण तर फारच छान होतं: कारखानेवाल्यांनी ती जागा कशीही घेतलीच असती, तक्त्यात काहीही असतं तरी. असेल. पण मग त्या पानाखाली गुरुजींच्या मुलाचं नाव नसतं.

मी त्याच कंपनीतून निवृत्त झाले. आंबेरकर त्याच्या बराच आधी दुसरीकडे गेला होता. इथेच लग्न केलं, इथेच राहिला, गावाला वर्षाकाठी जाऊन यायचा. गुरुजी गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या छातीचे फोटो काढले आणि ते उजेडाला धरून जरा जास्तच वेळ बघितले. त्यातून पुढे काही निघालं नाही, पण त्या तेवढ्या वेळात मला दुसरं तिसरं काही आठवलं नाही, फक्त तो रकाना आठवला. त्याच आठवड्यात मी विजय नगरला त्याच्या फ्लॅटवर गेले. त्याची बायको लेकीकडे गेली होती. त्याने स्वतः चहा केला, मला साखर चालत नाही हे लक्षात ठेवून. खाली सिटी बसचा हॉर्न वाजत होता. मी कप तसाच ठेवून सगळं सांगितलं. शब्दकोश, आलू, गवताळ, सोमवारची केबिन, लिफाफा. काही गाळलं नाही.

त्याने उठून खिडकी लावली. मग म्हणाला, "सही माझी होती."

"तुम्ही वाचलंच नव्हतं. माझ्यावर भरवसा ठेवून केली होती."

"हे मला कुठे आठवत होतं? जो येईल तो सही दाखवायचा. मला वाटायला लागलं, तक्ता तुमचा असला तरी तपासताना घाईगडबडीत तो रकाना मीच बदलला असणार. शहरात राहून सड्याची ओळख विसरलो असणार. बाबांनी एकदाच विचारलं, 'सुधीर, तू आपल्या सड्याला खराब लिहिलंस?' मी म्हटलं, 'हो बाबा, चुकलो.' पाया पडलो त्यांच्या."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'होतं माणसाकडून.' आणि मला जवळ घेतलं. गावाला तोंड देणं त्यांच्या वाट्याला होतं, पण मला एका शब्दाने बोलले नाहीत कधी." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "इतकी वर्षं मी त्याच्यावर काढली, वनिताबाई. की चूक माझी होती, पण बापाने ती पोटात घातली. आता तुम्ही म्हणता, चूक माझी नव्हतीच. म्हणजे ते गेले ते मुलाने गाव बुडवलं असं समजून गेले, आणि मी तिथे बसून 'नाही बाबा' एवढं म्हणू शकलो असतो."

मी म्हटलं, "मला माफ करा."

"करीन," तो म्हणाला. "पण हे तुम्ही मला सांगायला नको होतं. सांगायचं तर बाबा असताना सांगायचं होतं."

तो मला लिफ्टपर्यंत सोडायला आला, बटण दाबलं, रिक्षा नीट बघून घ्या म्हणाला. मी मनावरचं ओझं उतरवायला गेले होते आणि ते उतरवून आले होते, त्याच्या घरात.